उनाच्या रक्तातलं मीठ

शॅग आर्म, न्यूफाउंडलंड
२४ जानेवारी २०२१

प्रिय ब्लांच,

तुझं नाताळचं भेटकार्ड काल आलं. नाताळ होऊन महिना झाला, पण मी पोस्टाला दोष देत नाही. तूच ते उशिरा टाकलं असणार. माझ्या लग्नातसुद्धा नवऱ्या मुलाची बहीण म्हणून पुढच्या बाकावर बसायचं सोडून तू अर्धी प्रार्थना झाल्यावर धापा टाकत आली होतीस. फोन का करत नाहीस, म्हणून विचारतेस. अगं, फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू मला बोलू देत नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात नणंदेचं तोंड हवं तेव्हा मिटून ठेवता येतं.

इकडे बर्फ पुष्कळ. शेजारचा सेल्बी रोज सकाळी माझ्या दारातला बर्फ ओढतो आणि पैसे घेत नाही, चहा घेतो. म्हणजे घ्यायचा. आता या साथीमुळे तो पायरीवर उभा राहून पितो आणि मी दाराच्या काचेआडून त्याच्याशी बोलते. त्याची बायको मार्ज रस्त्यावरूनच हात करते. एवढं सोडलं तर आठवडाभरात मी कुणाचं तोंड पाहत नाही, पण त्याचं काय एवढं.

जेवणाचं विचारलंस. रविवारी नेहमीसारखं मोठं जेवण केलं. शनिवारी खारं मांस पाण्यात घालून ठेवलं, सकाळी कोबी, सलगम, गाजरं, बटाटे यांच्याबरोबर मोठ्या पातेल्यात चढवलं, फडक्यात बांधून वाटाणेही त्यातच उकडले. उरलं ते सोमवारी परतून खाल्लं. तेव्हा काळजी नको. तुझी भावजय टुणटुणीत आहे.

आमच्या गार्लंडचा अल्बर्टाहून दर रविवारी फोन येतो. त्याच्या डोक्यात आता म्हाताऱ्यांच्या त्या निवासाचं खूळ शिरलंय. तिथे सगळं वेळच्या वेळी मिळतं म्हणतो. मी म्हटलं, तुरुंगातही मिळतं. या घरातून मी निघेन ती थेट टेकडीवरच्या कबरीत, तुझ्या बाबांच्या शेजारी. तर लेकराने घाईघाईने फोन ठेवला. मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

फेब्रुवारीत डोळा दाखवायला सेंट जॉन्सला जायचंय. सेल्बी गाडीने नेईल.

तुझी
उना


केंब्रिज, ओंटारिओ
३ फेब्रुवारी २०२१

प्रिय उना,

डोळा कुठे पळून जातोय का? या दिवसांत शहरात कशाला जायचं? पण तू ऐकशील तर ती उना कसली. निदान तोंड बांधून जा, हात धू, आणि घसा जरा जरी खवखवला तरी भरपूर पीत राहा. गरम गरम. इथे टीव्हीवर सारखं तेच सांगतात.

आमच्याकडे पुन्हा सगळं बंद. मुलगी शनिवारी सामान आणते, दाराबाहेर ठेवते, घंटा वाजवते आणि मी दार उघडेपर्यंत लिफ्टपाशी जाऊन उभी राहते. तिथून मला फ्लाइंग किस देते. सातव्या मजल्यावरून मला पार्किंग दिसतं. कोणाची गाडी कधी हलली ते मला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. बूट-कारखान्यात इतकी वर्षं मशीनच्या खडखडाटात काढली, तेव्हा कधी शांत बसायला मिळेल असं व्हायचं. मिळालं बाई.

तुझ्या जेवणाचं वाचून तोंडाला पाणी सुटलं आणि रडूही आलं. अँब्रोज वाटाण्यावर लोणी घालून घालून खायचा आणि आई ओरडायची. उना, तुला एक सांगू? तो गेला तेव्हा साथीमुळे तुमच्या बेटावर बाहेरच्यांना येऊ देत नव्हते. कबरीपाशी दहा माणसं, त्यांच्यात सख्खी बहीण नाही. तू फोन मातीकडे धरलास आणि मला फक्त वारा ऐकू आला. मी इथे स्वयंपाकघरात काळा झगा घालून उभी होते आणि तासाभराने तोच झगा काढून भांडी घासली. त्यामुळे माझ्या मनाला तो गेल्याचं अजून कळलेलंच नाही. तुझं पत्र आलं की वाटतं, खाली त्याच्या दोन ओळी असतील.

गार्लंडवर चिडू नकोस. लांब असलेल्या माणसाला काळजी करण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही. मला विचार.

तुझी
ब्लांच


(तारीख नाही. पोस्टाचा शिक्का सेंट जॉन्स, २० फेब्रुवारी २०२१. इस्पितळाच्या जेवणाच्या कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीने.)

ब्लांच,

मासे आत घे. धुकं चढतंय आणि फळ्यांवर सगळा कॉड तसाच उघडा पडलाय. मी इथून ओरडतेय पण तुला ऐकू जात नाही. कुठे उंडारतेस?

तुझा भाऊ आलाय. पायमोजे शेगडीच्या दांडीवर वाळत घातलेत, त्याचं पाणी टपटप पडतंय आणि या बायका त्यातूनच चालतात. पिवळे झगे घातलेत सगळ्यांनी आणि तोंडं बांधलीत. कोण आहेत कोण जाणे. चर्चच्या मंडळातल्या असतील. त्याला कुणी बस म्हणत नाही. तोच बसला आपला. दमलाय, बोलत नाही.

मला सारखं विचारतात आज वार कोणता. सांगितलं, धुण्याचा. हसतात.

तू मासे घे आणि ये. चहा झालाय.

उ


केंब्रिज, ओंटारिओ
१ मार्च २०२१

माझी लाडकी उना,

मासे आत घेतले हो. सगळे घेतले, एकही ओला झाला नाही. तू निवांत पडून राहा.

मार्जने मला फोन करून सगळं सांगितलं. डोळा दाखवून आल्यावर तुला ताप भरला, मग खोकला. शेजाऱ्यांनी तुझ्या पायरीवर थर्मास भरभरून चहा ठेवला, तो तू सगळा प्यायलीस, आणि तरी एका सकाळी तू आतल्या झग्यावर बर्फात उभी राहून सेल्बीला त्याच्या वडलांच्या नावाने हाक मारत होतीस. तुला परत शहरात इस्पितळात नेलं. तिथे कुणाला येऊ देत नाहीत, म्हणून गार्लंडही येऊ शकला नाही. पण काळजी करू नकोस, तिथली माणसं चांगली आहेत. झगे पिवळे असले तरी.

अँब्रोजला सांग, ब्लांच म्हणते पायमोजे नीट पिळत जा.

गार्लंडचा फोन आला होता. त्याने विचारलं, आत्या, आईच्या पत्रांतून तुम्हाला आधी काही जाणवलं होतं का? मी त्याला तुझं हे पत्र वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, म्हणजे आई आता एकटी राहू शकणार नाही. मीही हो म्हटलं. त्याने इस्टरनंतर तुझ्यासाठी एक छान खोली बघितली आहे. खिडकी आहे, रोज गरम जेवण आहे, तुझ्यासारख्याच बायका आहेत. तुला आवडेल तिथे. तुझी खुर्ची घेऊन जाता येते.

खूप खूप प्रेम,
ब्लांच


सेंट जॉन्स, इस्पितळ
९ मार्च २०२१

ब्लांच,

मासे आत घेतलेस म्हणे. आपण मुली असतानाचे मासे तू आता या वयात सातव्या मजल्यावर आत घेतलेस, शाबास तुझी.

तुझं पत्र मी शुद्धीवर असताना वाचलं. दोनदा वाचलं. लहान पोरीला गोष्ट सांगतात तशी तू मला लिहिलंस, आणि त्याच हाताने फोन उचलून माझ्या मुलाला सांगितलंस की तुझी आई कामातून गेली. खोली बघितली म्हणे. खिडकी आहे म्हणे. ब्लांच, माझ्या घराला सहा खिडक्या आहेत आणि प्रत्येकीतून पाणी दिसतं.

मी वेडी झाले नव्हते. माझ्या रक्तातलं मीठ उतरलं होतं. इथल्या डॉक्टर बाई, डॉ. एझेन्वा, मूळच्या नायजेरियाच्या, पण आता आपल्यासारखंच 'माय लव्ह' म्हणतात, त्यांनी माझ्या कानाच्या यंत्रापाशी तोंड आणून नीट समजावलं. या साथीत इस्पितळात आलेल्या पुष्कळ जणांचं असं होतं. कुणाचं मीठ चढतं, कुणाचं उतरतं. माझं शरीर पाणी धरून बसलं, लघवीवाटे सोडेना, आणि रक्त पाणचट झालं. त्यावर मी थर्मासच्या थर्मास चहा ओतत होते. रक्तदाबाच्या गोळीनेही हातभार लावला. सोडियम म्हणतात त्याला. एकशेपस्तीसच्या वर असायला हवं, माझं एकशेसतरा होतं. तेवढ्यावर माणूस भलतंच बघतं. आणखी उतरलं तर झटके येतात आणि संपतं.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही घरी काय खाता? मी रविवारच्या जेवणाचं सगळं सांगितलं, तुला लिहिते तसंच, फडक्यातल्या वाटाण्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. तपासणीचा कागद बघितला. म्हणाल्या, 'उना मावशी, एवढं खारं खाणाऱ्या बाईचं मीठ इतकं तळाला जात नाही हो. खरं सांगा बघू.'

तर खरं तुलाही सांगते. अँब्रोज गेल्यापासून मी ते पातेलं फळीवरून खाली काढलेलं नाही. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी चहा, संध्याकाळी चहा आणि टोस्ट, त्यावर कधी जॅम. दोघांचं जेवण एकटीला करता येत नाही ब्लांच, हात थांबतो. एकदा करून बघितलं होतं. ताट वाढलं, समोर बघितलं, आणि उठून सगळं कावळ्यांना घातलं. तुला जेवण लिहून पाठवायचे तेच माझं जेवण. लिहिताना वास यायचा.

डॉक्टरनी गार्लंडला कळवलं की आईच्या डोक्याला काही झालेलं नाही. तेवढ्यापुरता तो खूश झाला. मग टोस्टचं कळवलं. आता तो म्हणतो, म्हणजे तर तिला एकटं ठेवायलाच नको. तुझ्या फोनने मला वेडी ठरवलं, माझ्या रक्ताने खोटारडी. खोलीची व्यवस्था तशीच आहे.

पण मी तुला लिहितेय ते त्याकरता नाही.

तो आला होता ब्लांच. खोटं होतं, मला कळतं. मिठाचा खेळ होता. पण मला तेव्हा कळत नव्हतं ना! माझ्या लेखी तो शेगडीपाशी बसला होता आणि पायमोज्यांना ओल्या लोकरीचा वास येत होता. नऊ महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मग यांनी मीठ चढवायला घेतलं. घाईने चढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून रोज थोडं थोडं. आणि तसाच तो थोडा थोडा गेला. आधी पायमोजे गेले. मग शेगडी. मग तो आहे असं नुसतं वाटायचं, वळून बघितलं की नसायचा. मे महिन्यात लाकडं फोडता फोडता तो क्षणात गेला होता, मला कळायच्या आत. या खेपेला मी शुद्धीवर येत येत त्याला जाताना बघितलं, आणि पिवळ्या झग्यांतल्या पोरी टाळ्या पिटत होत्या, 'वा, उना मावशी, किती सुधारणा!'

दारावर आता पाटी आहे की हिला पाणी मोजून द्या. दिवसाचं लिटरभर, चहा-सूप सगळं धरून. पण चहाची गाडी घेऊन येते ती ट्रूडी आपल्या पलीकडच्या खाडीवरची निघाली, तिच्या आजीला मी ओळखत होते. तिला म्हटलं, घोटभर दे गं पोरी. आपल्याकडे म्हातारीला चहा नाही म्हणायची कुणाची छाती आहे? पाटी वाचते आणि ओतते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला साथीने चव लागत नाही, तिचाही कप माझ्याकडे सरकतो. परवा माझं सोडियम पुन्हा उतरलं. डॉक्टर कोड्यात पडल्यात. मी नाही.

काल दुपारी खिडकीपाशी त्याच्या तंबाखूचा वास आला.

गार्लंडला काही बोलू नकोस. घर जाणारच असेल तर मला तिकडच्या खोलीत बसून टीव्ही बघत मरायचं नाही.

उना


केंब्रिज, ओंटारिओ
१६ मार्च २०२१

उना,

तुझं पत्र हातात असतानाच मी वॉर्डला फोन लावला. चहाडी केली म्हण, काय म्हणायचं ते म्हण. तिथल्या मोठ्या नर्सला ट्रूडीचं नाव सांगितलं, शेजारणीच्या कपाचं सांगितलं. ती आधी हसली, मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आम्ही तिची औषधं बदलत बसलो होतो. तिने मला स्पष्ट सांगितलं, पुढच्या खेपेला तिला नवरा दिसेलच असं नाही, झटका येईल, आणि त्यातून ती उठेल याची खात्री नाही. ऐकलंस? तुला काय वाटतं, अँब्रोज तिथे दार उघडून तुझी वाट बघत बसलाय? तिथे नुसती एक खाट आहे, आणि तिच्यावर माझी भावजय डोळे पांढरे करून पडलेली!

पत्र वाचून दाखवलं ती माझी चूक. मला वाटलं तू गेलीस, आतून. मला फार भीती वाटली आणि भीतीपायी मी शहाणपणा केला. गार्लंडला मी काल पुन्हा फोन केला. म्हटलं, बाबा रे, ते पत्र मिठाने लिहिलेलं होतं, तुझ्या आईने नाही. तो रडायला लागला. एवढा बाप्या, तेलाच्या खाणीवर माणसं हाताखाली असलेला. म्हणाला, आत्या, तिला मी घराबाहेर काढतोय असं वाटतं का तिला? मला फक्त ती जेवायला हवीय. शेवटी असं ठरलं की रोज संध्याकाळी कुणीतरी तिच्याबरोबर बसून जेवणार असेल तर तो खोली सोडेल. मार्जने होकार दिला आहे. ती म्हणाली, साथ गेली खड्ड्यात, मी त्या बाईबरोबर जेवीन. आणि मीही येते. बेटावर यायला परवानगी मागितली आहे, आजारी नातलगाचं करायला म्हणून. मिळाली तर पंधरा दिवस तुझ्या वरच्या खोलीत कोंडून घेईन आणि जिन्यावरून तुझ्याशी भांडेन.

तेवढं तू जिवंत राहा.

तू दोनदा विधवा झालीस. मी तर एकदाही नीट रडले नाही. तो गेला हे खरं मानायला माझ्यापाशी काय आहे? फोनमधला वारा आणि तू. त्याला खाली उतरवताना बघितलेलं माझं असं माणूस तू एकटी. तूही गेलीस तर मी कुणाला विचारू की तो कसा गेला, अंगात कोणता स्वेटर होता, थंडी होती का?

आणि तुझा राग येतोय तरी विचारल्याशिवाय राहवत नाही. तो कसा दिसत होता गं? बरा होता का?

ब्लांच


सेंट जॉन्स, इस्पितळ
३० मार्च २०२१

प्रिय ब्लांच,

उद्या घरी सोडताहेत. सेल्बी न्यायला येतोय, गाडीच्या सगळ्या काचा उघड्या ठेवून. म्हणजे साथीने नाही मेले तर थंडीने मरेन. सोडियम एकशेचौतीस. डॉ. एझेन्वा म्हणाल्या, एवढ्यावर मी सही करते, पण घरी लोक जेवतात तसं जेवायचं, आणि रक्तदाबाची ती गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही. गार्लंडने खोली सोडली. फोनवर मला तीनदा सांगितलं, सोडली, सोडली. मला एकदाच ऐकू आलं, पण मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

तुझ्या फोनमुळे ट्रूडीची चांगलीच खरडपट्टी निघाली. माझ्या पायापाशी येऊन रडली. म्हणाली, मावशी, तुम्ही मागितलात आणि मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, तुझी चूक नाही पोरी, तुझ्या आजीनेही ओतला असता.

पण तुझा फोन आला त्याच्या दोन दिवस आधीच मी चहा सोडला होता. इथे डॉक्टरना वाटतं त्यांनी समजावलं म्हणून, गार्लंडला वाटतं खोली सोडली म्हणून, तुला वाटत असेल तू रागावलीस म्हणून. सगळ्यांना वाटू दे. तू विचारलंस तो कसा दिसत होता, म्हणून तुला एकटीला सांगते.

तो पुन्हा आला. दुपारची वेळ होती, जेवणाची ताटं नुकतीच उचलून नेली होती. मी तीन कप प्यायले होते आणि डोकं हलकं झालं होतं. वर बघितलं तर तो खिडकीपाशी उभा. पहिल्या खेपेला तो धूसर होता, म्हातारा की तरणा ते मला कळलंच नव्हतं, नुसता अँब्रोज होता. या खेपेला लख्ख दिसला. चाळिशीचा असेल. केस काळे, मानेवर वाऱ्याने भाजलेली लाली, अंगात मी विणलेला निळा स्वेटर. गार्लंड लहान होता त्या वर्षीचा. बरा होता ब्लांच, अगदी छान होता. कुठे दुखत-खुपत नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढली. परक्या घरात गेल्यावर म्हाताऱ्या बाईसमोर काढतो तशी. मला यंत्राशिवाय दाराची घंटाही ऐकू येत नाही, पण त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

'मावशी,' म्हणाला, 'आमची उना कुठे दिसली का हो?'

मी तोंड उघडलं, मीच ती म्हणायला. माझे हात पांघरुणावर होते. ते मला दिसले. त्याच्या उनाचे असे हात नव्हते. मी म्हटलं तर त्याला भीती वाटेल असं वाटलं मला. त्याला उगाच कशाला घाबरवायचं?

म्हणून म्हटलं, 'येईल इतक्यात. बाहेर गेलीय.'

'बरं,' म्हणाला. बसला. आणि ब्लांच, माझ्या खाटेच्या वरून, माझ्या डोक्यावरून तो दाराकडे बघत राहिला. पुन्हा एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या नवऱ्याला मी त्याच्या बायकोची वाट बघताना बघत होते. ट्रूडी गाडी घेऊन आली तेव्हा मी कपावर हात ठेवला आणि नको म्हटलं. ती म्हणाली, मावशी, रुसलात का?

त्या दिवसापासून समोर येईल ते सगळं खातेय. इस्पितळाच्या सुपात मीठ नसतं, मागून घेते. जाताना तो दिसला नाही. मी बघितलंच नाही तिकडे.

तू ये. परवानगी कधी मिळेल तेव्हा मिळो, बर्फ असो की धुकं. तीन उन्हाळ्यांमागे आली होतीस तेव्हा मी अशीच होते, अशीच पांढरी, अशीच वाकलेली. तू मला बघितल्याबरोबर ओळखशील.

तुझी
उना